दुसरा चेक कोण देणार? प्रायव्हेट इक्विटीच्या कंपनीतला नवा सीईओ आणि त्याच्याविषयीचं लेखन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून काटछाट थोडीच केली आहे. शेवटी श्रोत्यांचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिलं आहे.)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हा व्यवस्थापनाचा तास आहे, वह्या-पेनं काढायची आहेत. तसं काही नाही. आज आपल्याला समीक्षा करायची आहे. प्रायव्हेट इक्विटीने विकत घेतलेल्या कंपनीत नवा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ, येतो. त्याच्या वाट्याला काय येतं? याविषयी जे लिहिलं गेलं, त्यातली तीन गाजलेली लिखाणं आपण समोर ठेवणार आहोत. एक पत्रकारांचं पुस्तक, एक अर्थशास्त्रज्ञाचा निबंध आणि एक सल्ल्याचं पुस्तक. तिन्ही चांगली आहेत. पण तिन्हींच्या हातून एक गोष्ट निसटली आहे, आणि आमच्या मते नेमकी तीच मुद्द्याची आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. फंड चालवणारी मंडळी पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी यांच्याकडून पैसा गोळा करतात. त्यातून कंपन्या विकत घेतात, साधारण तीन ते सात वर्षं ठेवतात आणि विकून टाकतात. फंडाचं स्वतःचं आयुष्य बहुतेक वेळा दहा वर्षांचं असतं, थोडी मुदतवाढ मिळते ती वेगळी. आता यातली गंमत बघा. कंपनी घेताना सगळा पैसा फंडाचा नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या व्यवहारांत निम्म्याहून अधिक पैसा कर्जाचा असे, आणि ते कर्ज विकत घेणाऱ्याच्या नावावर नाही, तर विकल्या गेलेल्या कंपनीच्या नावावर चढतं. आपल्याकडे म्हणतात ना, आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं काहीसं. व्याज मालक भरत नाही, कंपनी भरते. आणि त्या कंपनीच्या खुर्चीवर नवा माणूस आणून बसवला जातो.

पहिलं पुस्तक, ‘बार्बेरियन्स अॅट द गेट’. ब्रायन बरो आणि जॉन हेल्यर हे वॉल स्ट्रीट जर्नलचे दोन पत्रकार. १९८८ च्या अखेरीस आरजेआर नॅबिस्को या सिगारेट आणि बिस्किटांच्या अवाढव्य कंपनीचा जो लिलाव झाला, त्याची हकिगत त्यांनी लिहिली. कंपनीचे प्रमुख रॉस जॉन्सन यांनीच कंपनी विकत घ्यायचा घाट घातला, शेअरमागे ७५ डॉलरची बोली लावली, आणि शेवटी केकेआर या फंडाने १०९ डॉलरवर बाजी मारली. व्यवहार सुमारे २५ अब्ज डॉलरचा. कितीतरी वर्षं इतका मोठा दुसरा व्यवहार झाला नाही. पुस्तक कादंबरीसारखं वाचलं जातं. कोण कुणाशी खोटं बोललं, रात्री दोन वाजता कुठल्या खोलीत काय ठरलं, सगळं त्यात आहे. १९९३ साली त्यावर दूरचित्रवाणीपटही आला.

पण या पुस्तकाचा सगळा जीव लिलावात आहे. लग्नाची वर्णनं आपल्याकडे कशी असतात? मानपान, रुसवेफुगवे, जेवणावळी, सगळं साग्रसंगीत. वरात घरी पोचली की गोष्ट संपते. संसार उरतो तो नव्या सुनेच्या वाट्याला. इथे ती नवी सून म्हणजे लुई गर्स्टनर. ते अमेरिकन एक्सप्रेसमधून आले आणि १९८९ च्या वसंतात आरजेआर नॅबिस्कोचे प्रमुख झाले. लिलावाच्या रंगात रंगलेल्या वाचकाला त्यांच्या पुढच्या चार वर्षांचं फारसं कुतूहल राहत नाही.

खरं नाट्य तर तिथे आहे. गर्स्टनर यांनी सूत्रं घेतली तेव्हा कंपनीवर डोंगराएवढं कर्ज होतं. ते हलकं करायला युरोपातले खाद्यपदार्थांचे धंदे विकले गेले, डेल मॉन्टे विकली गेली. आधीच्या राजवटीतली विमानांची आणि मेजवान्यांची चैन बंद झाली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण त्या कर्जात काही रोखे असे होते की ठरावीक तारखेला त्यांचा व्याजदर नव्याने लावायचा होता, म्हणजे रोख्यांचा बाजारभाव मूळ किमतीला येईल इतका दर द्यायचा. १९९० साली जंक रोख्यांचा बाजार कोसळला, आणि हाच दर कंपनीच्या गळ्याशी आला. कंपनी तोट्यात नव्हती बरं का. बिस्किटं खपत होती, सिगारेटी खपत होत्या. तरी रोख्यांवरच्या एका कलमाने सगळं बुडालं असतं. मग काय झालं? केकेआरने १९९० मध्ये आणखी १.७ अब्ज डॉलरचं भांडवल घातलं आणि कर्जाची फेरमांडणी केली. कंपनी तगली. १९९१ मध्ये शेअर बाजारात परत आली.

हा जो १.७ अब्जांचा चेक आहे ना, तो लक्षात ठेवा. आम्ही त्याला ‘दुसरा चेक’ म्हणतो. पहिल्या चेकवर पुस्तकं निघतात, चित्रपट निघतात. सीईओचं नशीब मात्र बऱ्याचदा दुसऱ्या चेकवर ठरतं.

गर्स्टनर १ एप्रिल १९९३ ला आयबीएममध्ये रुजू झाले. दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, फिलिप मॉरिसने मार्लबरोच्या पाकिटाची किंमत ४० सेंटनी उतरवली आणि सिगारेट कंपन्यांचे शेअर गडगडले. खुर्चीवर कुठल्या दिवशी बसलो आणि कुठल्या दिवशी उठलो, याचाही कर्तृत्वात किती वाटा असतो, ते यावरून कळावं. केकेआर १९९५ पर्यंत या व्यवहारातून बाहेर पडली, आणि एवढ्या गाजावाजानंतर तिच्या गुंतवणूकदारांच्या हाती फार काही लागलं नाही. गर्स्टनर यांची कीर्ती झाली ती पुढे आयबीएममुळे.

आता दुसरं लिखाण. मायकेल जेन्सन, हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ. १९८९ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात शेअर बाजारात नोंदवलेल्या मोठ्या कंपनीला ग्रहण लागलं आहे असं थेट शीर्षकातच सांगितलं. त्यांचा युक्तिवाद मजबूत आहे. ते म्हणतात, मोठ्या कंपनीत भागधारक विखुरलेले असतात, त्यामुळे सीईओला जाब विचारणारं कुणी उरत नाही. हाती आलेली रोकड तो मालकांना परत देत नाही, साम्राज्य वाढवण्यात उडवतो. यावर उतारा दुहेरी. एक, कर्ज. व्याज दर तिमाहीला भरावंच लागतं, त्यामुळे उधळपट्टीला पैसाच उरत नाही. दोन, सीईओला स्वतःचा हिस्सा द्या. मग तो नोकरासारखा नाही, मालकासारखा वागेल.

रॉस जॉन्सन यांची विमानं आठवली की जेन्सन यांचं म्हणणं पटतं. उधळ्या साहेबाला व्याजाचा लगाम बसतो हे खरं आहे. पण ‘मालकासारखा’ या शब्दापाशी आपण थोडं थांबू. आपल्याकडे शेतीत मालक असतो, अर्धलीने करणारा असतो आणि खंडाने करणारा असतो. खंडाने घेतलेल्या शेतात माणूस आळशीपणा करत नाही, उलट मालकापेक्षा जास्त राबतो. पण तिथे तो आंब्याचं कलम लावत नाही. का लावावं? फळ यायच्या आत मुदत संपणार. तो मेथी लावेल, कांदा लावेल. प्रायव्हेट इक्विटीतल्या सीईओच्या हाती हिस्सा असतो हे खरं, पण त्या हिश्श्याचे पैसे हातात येतात ते कंपनी विकली जाते त्या दिवशी. तेव्हा त्याचं हित मालकाशी जुळतं हे मान्य. प्रश्न असा की मुळात त्या मालकाचंच हित शेताशी किती वर्षं जुळलेलं आहे?

जेन्सन यांचा आणखी एक दावा आहे, त्याकडे कमी लोक लक्ष देतात आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, जास्त कर्ज असलेली कंपनी अडचणीत लवकर सापडते, आणि हे चांगलं आहे. कारण कंपनीत अजून जीव असतानाच सगळे टेबलाभोवती बसतात, कोर्टाबाहेर तडजोड होते, धंदा वाचतो. कमी कर्जाची कंपनी मात्र गाठीचे पैसे खात खात हळूहळू मरते.

या दाव्याला साक्ष द्यायला हिल्टन उभी आहे. २००७ साली ब्लॅकस्टोनने हिल्टन हॉटेल्स सुमारे २६ अब्ज डॉलरना घेतली, त्यात साधारण २० अब्ज कर्जाचे. मुहूर्त याहून वाईट निघाला नसता. वर्षभरात जागतिक मंदी आली, लोकांनी प्रवास आवरला, खोल्या रिकाम्या पडल्या. नवे सीईओ ख्रिस्तोफर नासेटा नुकतेच होस्ट हॉटेल्समधून आले होते. ब्लॅकस्टोनने आपल्या हिशोबात या गुंतवणुकीची किंमत सुमारे ७० टक्क्यांनी उतरवली. नासेटा यांनी मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सहून व्हर्जिनियात हलवलं, विखुरलेले विभाग एकत्र आणले, आणि मुख्य म्हणजे स्वतःची इमारत न बांधता दुसऱ्यांच्या हॉटेलांना नाव आणि व्यवस्थापन द्यायचा धंदा वाढवला. ही त्यांची करामत, तिला दाद दिलीच पाहिजे.

पण त्याच्या जोडीला एप्रिल २०१० मध्ये काय घडलं ते बघा. ब्लॅकस्टोनने आणखी ८० कोटी डॉलर घातले, सावकारांकडून काही कर्ज निम्म्याहून कमी किमतीत परत घेतलं, आणि एकूण कर्ज २० अब्जांवरून १६ अब्जांवर आलं. समोर बसलेल्या सावकारांत चक्क न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक होती, कारण बुडालेल्या बेअर स्टर्न्सची येणी तिच्या गळ्यात पडली होती. म्हणजे पुन्हा दुसरा चेक. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हिल्टन शेअर बाजारात आली, २०१८ मध्ये ब्लॅकस्टोन पूर्ण बाहेर पडली, आणि तिला झालेला फायदा सुमारे १४ अब्ज डॉलर सांगितला जातो. जेन्सन खूश होतील अशी गोष्ट. जीव असताना तडजोड झाली आणि धंदा वाचला.

आता तिसरं पुस्तक. मायकेल वॉटकिन्स यांचं ‘द फर्स्ट नाइन्टी डेज’, २००३ सालचं. नव्या जागी गेलेल्या अधिकाऱ्याने पहिल्या ९० दिवसांत काय करावं याचं हे जगभर वाचलं गेलेलं पुस्तक. हे पुस्तक हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नवीन माणसाने आधी धंद्याची अवस्था ओळखावी, कोलमडलेला आहे, वाढतो आहे की ठीक चालला आहे, आणि मग औषध ठरवावं, असं ते सांगतं. वरिष्ठाशी अपेक्षांबद्दल आणि साधनसामग्रीबद्दल स्पष्ट बोलून घ्यावं, असंही सांगतं. कुणाही जबाबदार माणसाला उपयोगी पडेल असा सल्ला आहे.

अडचण अशी की पुस्तक धंद्याची अवस्था विचारतं, मालकाची अवस्था विचारत नाही. त्याचा वरिष्ठ म्हणजे जागेवर स्थिर बसलेला साहेब. प्रायव्हेट इक्विटीत साहेबाचंच घड्याळ चालू असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं उत्तर पहिल्या दिवसाच्या आधीच कागदावर लिहिलेलं असतं. कर्ज किती, कधी फेडायचं, फंड कितव्या वर्षात आहे, हे रुजू झाल्यावर शोधून काढायच्या गोष्टी नाहीत. तोवर उशीर झालेला असतो.

आपण हे सिद्ध कसं करणार? माणूस तोच, मालक तोच, आणि निकाल उलटे, अशी जोडी सापडली तर बरं. अशी जोडी आहे. डेव्हिड ब्रँडन.

१९९८ साली टॉम मोनाहन यांनी उभी केलेली डॉमिनोज पिझ्झा बेन कॅपिटलने घेतली, किंमत सुमारे एक अब्ज डॉलर. १९९९ मध्ये ब्रँडन सीईओ झाले. व्यवहाराला जेमतेम काही महिने झाले होते. डॉमिनोजची बहुतेक दुकानं फ्रँचायझीवाल्यांची. दुकान बांधायचा खर्च त्यांचा, कंपनीला रॉयल्टी आणि पिठाचे गोळे पुरवण्याचा धंदा. कर्ज होतंच, पण रोकड नियमित येत होती. ब्रँडन यांनी एक शहाणपणाचं काम केलं. दुकानातली पोरं सारखी नोकरी सोडून जातात, हाच मोठा खर्च आहे, हे त्यांनी ओळखलं आणि दुकानाचा व्यवस्थापक नीट निवडण्यावर, त्याला शिकवण्यावर भर दिला. जुलै २००४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यशस्वी सीईओ म्हणून ब्रँडन यांचं नाव झालं.

आता दुसरा अंक. टॉयज आर अस, खेळण्यांच्या दुकानांची अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध साखळी. २००५ मध्ये बेन, केकेआर आणि व्होर्नाडो या तिघांनी ती ६.६ अब्ज डॉलरना घेतली. कंपनीच्या डोक्यावर सुमारे पाच अब्जांचं कर्ज आलं. २०१० मध्ये शेअर विक्रीचा अर्ज केला, २०१३ मध्ये मागे घेतला. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा उघडलाच नाही. आणि २०१५ मध्ये, व्यवहाराला दहा वर्षं झाल्यावर, ब्रँडन सीईओ झाले.

दहाव्या वर्षी! डॉमिनोजमध्ये ते पहिल्या वर्षी आले होते. इथे पहिल्या वर्षाचा उत्साह केव्हाच ओसरला होता. ज्या फंडांतून २००५ चा पैसा आला, त्यांचं आयुष्य सरत आलेलं. नवीन पैसा घालायचा तर तो नव्या फंडातून घालावा लागणार, आणि नव्या फंडाचे गुंतवणूकदार विचारणार, आमचा पैसा जुन्यांची चूक निस्तरायला का? तेव्हा दुसरा चेक येण्याची शक्यता कागदावरच संपलेली होती.

कंपनी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. त्या वेळी स्वतः ब्रँडन यांनी कोर्टात दिलेल्या निवेदनात सांगितलं की कर्जाच्या हप्त्यांपोटी वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जातात, आणि त्यामुळे दुकानांची डागडुजी आणि इतर गुंतवणूक यांत कंपनी स्पर्धकांच्या मागे पडली. विक्री तरीही वर्षाला ११ अब्ज डॉलरच्या पुढे होती. गिऱ्हाईक येत होतं. पण कामकाजातून मिळालेला नफा जवळजवळ सगळा व्याजात जिरत होता. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतला धंदा मोडीत काढायचं ठरलं, जून संपता संपता शेवटची दुकानं बंद झाली, आणि सुमारे ३३ हजार लोकांची नोकरी गेली.

इथे जेन्सन यांच्याकडे परत या. त्यांचं म्हणणं, कर्ज लवकर इशारा देतं. टॉयज आर असमध्ये कर्जाने बारा वर्षं इशारा दिलाच नाही. का? कारण व्याज वेळेवर भरलं जात होतं, आणि ते भरलं जात होतं दुकानांच्या पोटाला चिमटा काढून. रंग उडालेली भिंत ही ताळेबंदात थकबाकी म्हणून दिसत नाही. सावकाराच्या वहीत सगळं ठीक होतं. थकबाकी साचत होती ती दुकानात. जेन्सन यांच्या निबंधाचा हा खरा दोष आहे. कर्ज चैनीला लगाम घालतं, हे त्यांनी बरोबर पाहिलं. पण चैन आणि देखभाल दोन्ही एकाच पिशवीतून जातात, आणि लगामाला त्यांतला फरक कळत नाही. तो फरक करायचा सीईओने, आणि तेही अशा वेळी की देखभालीवर घातलेला पैसा विक्रीच्या दिवसापर्यंत दिसणारच नाही.

आता कुणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं! अॅमेझॉन आणि वॉलमार्टने दुकान खाल्लं, कर्जाला कशाला दोष? हा आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन खरेदीचा तडाखा सगळ्यांनाच बसला. ब्रँडन आणि त्यांच्या आधीच्या प्रमुखांचे निर्णय सगळे बरोबर होते असंही नाही. दिवाळखोरीच्या अर्जाच्या तोंडावर वरिष्ठांना बोनस दिले गेले, त्यावरून वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण वॉलमार्टला अॅमेझॉनशी लढायला स्वतःची रोकड होती. इथे लढायचा दारूगोळा व्याजात जात होता. नाचणाऱ्याचं पाऊल चुकतं, हे खरंच. पण कधीकधी अंगण खरोखर वाकडं असतं, आणि चांगल्या समीक्षकाने पाऊल बघण्याआधी अंगण बघावं.

आपल्याकडे काय? एक मुंबईचं उदाहरण घेऊ. २०१५ साली क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा पंखे आणि दिव्यांचा धंदा वेगळा झाला. अॅडव्हेंट आणि टेमासेक या दोन गुंतवणूकदारांनी प्रवर्तकांचा सुमारे ३४ टक्के हिस्सा २,००० कोटी रुपयांना घ्यायचा करार केला. प्रॉक्टर अँड गॅम्बल इंडियाचे प्रमुख शंतनू खोसला तिथे आले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही फंड टप्प्याटप्प्याने बाहेर पडले. इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर आपल्या बँकांना दीर्घकाळ कडक बंधनं होती, त्यामुळे अमेरिकेसारखा कर्जाचा बोजा कंपनीच्या डोक्यावर चढवणं इथे सोपं नव्हतं. आणि कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे मालक थोडे थोडे बाहेर पडू शकले, एकाच दिवशी सगळं विकायची घाई नव्हती. पंख्याचा धंदा सुरू राहिला, मालक बदलले.

यावरून ‘आपल्याकडे सगळं छान’ असा अर्थ काढू नका. घड्याळ इथेही असतं. कर्जाचा दाब कमी असला तरी पाचव्या वर्षी विकायचं हा दाब असतोच. हॉस्पिटलं, शाळा, औषध कंपन्या, आयटी कंपन्या यांत हे फंड आज मोठ्या प्रमाणावर आहेत. आणि कर्जाची बंधनं सैल व्हायला लागली की अमेरिकेचे धडे आपल्याला पाठ असलेले बरे.

तर आमचं म्हणणं थोडक्यात असं. या विषयावरचं लेखन सीईओला एकतर दरोडेखोरांचा मुनीम ठरवतं, नाहीतर बुडती नौका वाचवणारा नावाडी. दोन्हीकडे माणसाचीच चर्चा होते. पण गर्स्टनर, नासेटा आणि ब्रँडन हे तिघेही कर्तबगार होते. त्यांतल्या दोघांना अडचणीच्या वेळी मालकाने दुसरा चेक दिला, कारण व्यवहाराचं वय कमी होतं आणि मालकाचं अजून पुष्कळ काही पणाला लागलं होतं. तिसऱ्याला तो मिळाला नाही. म्हणून यापुढे अशा सीईओचं चरित्र किंवा मुलाखत वाचाल तेव्हा आधी तीन गोष्टी शोधा. व्यवहार कितव्या वर्षात होता? नफ्यातलं व्याजात किती जात होतं? आणि संकट आलं तेव्हा मालकाने खिशात हात घातला का? ही उत्तरं ज्या पुस्तकात नाहीत, त्यातल्या नेतृत्वाच्या गोष्टी जरा राखूनच ऐकाव्या.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला. विचारणाऱ्या ताई एका उत्पादन कंपनीत वित्त विभाग सांभाळतात. त्यांनी विचारलं, “सर, समजा आमच्यापैकी कुणाला अशी ऑफर आली. मालक जुना आहे, कर्ज जास्त आहे. मग नकारच द्यायचा का?”

उत्तर असं दिलं, ते इथे नोंदवतो. नाही, नकारच द्यावा असं नाही. कुणीतरी ती खुर्ची सांभाळायलाच हवी, आणि चांगला माणूस नाही म्हणाला तर खुर्ची रिकामी राहत नाही, कमी चांगला माणूस येतो. पण हो म्हणण्याआधी, म्हणजे आपल्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं त्या दिवसांत, दोन गोष्टी कागदावर मागाव्या. पहिली, देखभालीचा आणि सुरक्षेचा खर्च किती, तो आकडा आधीच ठरवून घ्यावा आणि एका तिमाहीचं व्याज जड जातंय म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे संचालक मंडळाने मान्य करावं. दुसरी, धंदा गुंडाळायची वेळ आलीच तर कामगारांची देणी कुठून द्यायची, याची तरतूद चांगल्या दिवसांत बाजूला काढावी. टॉयज आर असच्या कामगारांना दुकानं बंद होताना नोकरी गेल्याची भरपाई मिळाली नाही. त्यांनी आंदोलन केलं, पेन्शन फंडांच्या दारात गेले, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१८ मध्ये बेन आणि केकेआर यांनी मिळून दोन कोटी डॉलरचा निधी काढला. ३३ हजारांनी भागून बघा, माणशी किती येतात ते. सरासरी सहाशे डॉलर.

ताई म्हणाल्या, “हे मागितलं तर ऑफर मागे घेतील.”

घेतीलही. पण मग एक गोष्ट तुम्हाला फुकटात कळली. अडचणीच्या दिवशी तो मालक चेक देणार नव्हता. दुकानात वीस वर्षं काम केलेल्या बाईला हे दार बंद झाल्यावर कळतं. तुम्हाला आत जायच्या आधी कळलं.